नव्वद सेंटिमीटर

विमानाची चाकं बाहेर आल्याचा हादरा तळपायांना कळला, तेव्हा प्रभंजनराव मिरजकरांनी मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. बेंगळूरहून हुबळीला येणारं हे पंख्यांचं लहान विमान चाकं काढल्यानंतर साधारण एकशे तीस आकड्यांत जमिनीला टेकतं, हे त्यांनी मागच्या दोन खेपांना घड्याळ धरून पाहिलं होतं. नव्वदच्या आसपास खाली कारखान्यांचे पत्रे दिसू लागतात, मग पाण्याच्या टाक्या, मग गच्च्यांवरचे वाळत घातलेले कपडे, आणि त्यानंतर धावपट्टीआधीचं ते ओसाड गवत. आज नव्वद झाले, शंभर झाले, एकशे दहा झाले, तरी खिडकीत पांढऱ्याशिवाय काही आलं नाही. एकशे तेराव्या आकड्याला पंख्यांचा आवाज एकाएकी चढला, पाठ खुर्चीत रुतली आणि विमानानं नाक वर केलं. चाकं पुन्हा पोटात ओढून घेतल्याचा दुसरा हादरा बसला. प्रभंजनरावांनी मोजणं थांबवलं नाही. त्यांचा हिशेब चुकत नसेल तर एकशे तेरावा आकडा उच्चारताना थोरल्या भावाचं, नागेशअण्णांचं घर बरोबर त्यांच्या पायांखाली होतं.

हिशेब चुकत नसेल तर. हे शब्द त्यांच्या मनात आपोआप आले, आणि मांडीवरच्या पिशवीभोवतीची त्यांची मिठी घट्ट झाली. विमान चढताना हवाईसुंदरीनं ती पिशवी समोरच्या खुर्चीखाली सरकवायला लावली होती. पट्टे बांधायचा दिवा विझल्याबरोबर त्यांनी ती पुन्हा मांडीवर घेतली, आणि उतरताना तिची नजर चुकवून तशीच ठेवली. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी मोडलेल्या नियमांची यादी केली असती तर ती एका पोस्टकार्डावर मावली असती. त्या यादीत या नियमाची आज भर पडली.

"अगाई! वर का चाललंय ह्ये?" खिडकीशी बसलेल्या बाईंनी त्यांचा दंड धरला. अळणावरकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या या सोनाबाई. बेंगळूरला मुलगा दीपक कंपनीत होता. त्याच्याकडे महिनाभर राहून त्या परत निघाल्या होत्या, आणि त्यानं हौसेनं विमानात बसवलं होतं, हे सगळं त्यांनी विमान हलायच्या आतच सांगून टाकलं होतं. "उतरायचं न्हाई का?"

"उतरणारच होतं. खाली काही दिसलं नाही म्हणून वर घेतलं. एक फेरी मारून पुन्हा प्रयत्न करतील."

"दिसलं न्हाई म्हंजे? डायव्हरला वाट ठावं न्हाई व्हय?"

"वाट ठाऊक असते. पण शेवटी जमीन डोळ्यांनी दिसावी लागते. अमुक उंचीपर्यंत आलं आणि तरी दिसली नाही, तर वर जायचं, असा नियम आहे."

सोनाबाईंनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. "बस चिखलात रुतली तर धा मानसं उतरून ढकलत्यात," त्या म्हणाल्या. "ह्याला कोन ढकलायचं, अण्णा?"

मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. प्रभंजनरावांनाही हसू यायला हवं होतं. पण त्या 'अण्णा'नं त्यांना कुठेतरी टोचलं. त्यांना कोणी अण्णा म्हणत नसे. ते ज्याला अण्णा म्हणत आले, तो या क्षणी हजारभर मीटर खाली, गोकुळ रोडच्या आतल्या गल्लीतल्या घरात, पुढच्या खोलीत आणून ठेवलेल्या खाटेवर पडला होता. दवाखान्यानं चार दिवसांपूर्वीच घरी न्यायला सांगितलं होतं. काल अंबूवहिनींचा फोन आला. "भावजी, तुमचंच नाव काढतायत. दिवस मोजायचे राहिले आहेत म्हणाले डॉक्टर. येऊन जा." त्यांच्या पत्नीनं, शांताबाईंनी, ताबडतोब तिकिटाचं बघितलं. प्रभंजनराव मात्र माळ्यावर चढले, जुन्या कागदांच्या पेटीतून हिरव्या कापडी पुठ्ठ्याची एक मापनवही काढली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि हातातल्या पिशवीत सर्वांत तळाशी ठेवली. या वेळी सांगायचं, हे त्यांनी शिडीवरच ठरवलं. अण्णा जायच्या आत सांगायचं. दहा वर्षं ज्या वाक्याची त्यांनी पुनःपुन्हा रचना केली होती, ते वाक्य फार साधं होतं: अण्णा, मी आकडा चुकवला.

विमान कलतं होऊन वळू लागलं. खिडकीत कधी पंख येई, कधी नुसता ढग. बारा वर्षांपूर्वी त्यांनी या विमानाचा मार्ग जमिनीवरून पाहिला होता. विमानतळ वाढणार म्हणून धावपट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडच्या घरांची, झाडांची, टाक्यांची उंची मोजायचं काम निघालं होतं, आणि ते काम ज्या खासगी सर्वेक्षण संस्थेकडे आलं, तिथे प्रभंजनराव निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे वरिष्ठ मोजणीदार होते. धावपट्टीच्या टोकापासून आकाशात एक न दिसणारा उतार जातो. पन्नास मीटर मागे सरकावं तेव्हा तो एक मीटर वर चढतो. त्या उताराच्या वर कोणाचंही काही डोकावता कामा नये. मिरजेहून तीन पिढ्यांपूर्वी हुबळीत येऊन तांब्यापितळेच्या भांड्यांच्या व्यापारात पडलेल्या घराण्यात, तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन हे न दिसणारे उतार मोजायला बाहेर पडलेला हा एकटाच. वडिलांना ते पटलं नव्हतं. "दुकान सोडून काठ्या रोवत फिरणार?" असं ते म्हणाले होते. तेव्हा अण्णांनीच दुकान आपल्या अंगावर घेतलं आणि धाकट्याची ट्रंक स्टेशनवर स्वतः उचलून नेली.

आणि मोजायच्या घरांच्या यादीत अण्णांचं घर आलं. धावपट्टीच्या टोकापासून एक हजार पंचवीस मीटरवर, उताराच्या बरोबर मधल्या रेषेत. खाली दोन मजले पक्के, आणि त्यावर त्याच वर्षी नवीन चढवलेली, मंगळुरी कौलांची एक खोली. ती खोली कोणासाठी होती, हे अण्णांनी मोजणीच्या दिवशीच त्यांना सांगितलं होतं. यंत्राच्या तिपाईशेजारी खुर्ची टाकून ते बसले होते, मांडीवर शेंगांची पुडी होती. "पूर्वेला खिडकी काढलीय बघ. पुढच्या साली रिटायर झालास की तू आणि शांता इथं. बेंगळूरच्या त्या डबीत काय करणार? सकाळी उठायचं, खिडकीतनं इमानं मोजायची. तुला मोजायला काहीतरी लागतंच." प्रभंजनराव दुर्बिणीत डोळा घालून होते. कौलांचं आढं आडव्या तारेवर आणत होते. "अण्णा, बोलू नका, वाचन घेतोय," ते म्हणाले होते. अण्णा लगेच गप्प झाले आणि शेंगा फोडायचेही थांबले. मग अगदी हळू आवाजात गल्लीतल्या कोणाला तरी म्हणाले, "ईग माताड ब्याड्री, आत्ता बोलू नका, काम करतोय."

प्रत्येक अडथळ्याची दोनदा मोजणी, दोन वेगळ्या ठिकाणांवरून, ही प्रभंजनरावांची पद्धत होती. चाळीस वर्षांत त्यांनी ती कधी सोडली नव्हती. त्या एका घरापाशी सोडली. संध्याकाळी हिशेब केला तेव्हा आढ्याची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे ऐंशी पूर्णांक वीस मीटर आली. उतार त्या जागी सहाशे एकोणऐंशी पूर्णांक तीसवर होता. नव्वद सेंटिमीटर जास्त. दुसऱ्या दिवशी पुन्हा यंत्र लावून पडताळणी करायला कोणाची हरकत नव्हती. उलट तीच रीत होती. पण हाताखालची तरुण मुलं पाहत होती. सख्ख्या भावाचं घर आहे, आकडा जास्त आला म्हणून म्हाताऱ्यानं पुन्हा मोजायला काढलं, असं कोणी म्हणेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि तिथेच बसला. दुसऱ्या कोणाचंही घर असतं तर त्यांनी पुन्हा मोजलं असतं. भावाचं होतं, म्हणून मोजलं नाही. आकडा तसाच अहवालात गेला.

पुढे छप्पर खाली आणायचा रीतसर कागद आला. अण्णांनी वाद घातला नाही. "नव्वद सेंटिमीटर कापून खोली उरते काय? डोकं काढून माणूस उरतो काय?" एवढंच म्हणाले, आणि कौलं उतरवून अख्खी खोलीच पाडली. लोकांनी सुचवलं, भाऊच आहे, जरा बोलून बघायचं होतं. त्यावर अण्णांनी जे उत्तर दिलं, ते त्यांनी पुढे बारा वर्षं दिलं, दुकानात, लग्नांत, लॅमिंग्टन रोडवर भेटेल त्या ओळखीच्या माणसाला, मळमड्डीतल्या व्याह्यांना: "आमचा प्रभ्या सख्ख्या भावाचंसुद्धा घर सोडत नाही. अशी माणसं किती आहेत हो?" ते सांगताना त्यांचा आवाज भरून येई. प्रभंजनराव समोर असतील तर पाठीवर थापही पडे. पहिली दोन वर्षं ती थाप त्यांना आवडली होती, हे त्यांना आता आठवलं. आवडली होती. तिच्या ओढीनं ते हुबळीला यायचे.

दोन वर्षांनी संस्थेनं कचेरी हलवली आणि जुन्या वह्या रद्दीत निघाल्या. आपल्या हातच्या काही वह्या त्यांनी घरी आणल्या, आणि एका दुपारी, वेळ जात नाही म्हणून, त्यातली उदाहरणं पुन्हा सोडवायला घेतली. त्या पानावर आल्यावर त्यांना प्रथम काही दिसलं नाही. मग दिसलं. यंत्राच्या अक्षाची उंची, सहाशे एकोणसत्तर पूर्णांक पासष्ट, हिच्यात तिपाईची एक मीटर पंचेचाळीस आधीच धरलेली होती. खाली बेरीज करताना त्यांनी ती आणखी एकदा मिळवली होती. तंत्रनिकेतनातला पहिल्या वर्षाचा मुलगा करतो ती चूक. खरी उंची होती सहाशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक पंच्याहत्तर. खोली उताराच्या पंचावन्न सेंटिमीटर खाली होती. ती कोणाच्याही वाटेत नव्हती. त्या दुपारी शांताबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवून त्यावर साय धरली. त्यानंतर हुबळीच्या खेपा विरळ होत गेल्या. कधी गुडघा, कधी शांताबाईंचा रक्तदाब. अण्णांचा दर रविवारचा फोन मात्र चुकला नाही.

"अण्णा, आमचे मालक सकाळधरनं येऊन बसले आसतील," सोनाबाई सांगत होत्या. "नागोजी नाव त्यांचं. बाकी कुठं वेळेवर जायाचे न्हाईत, पर मला घ्यायला वेळेआधी दोन तास हजर. वर बगत बसले आसतील मान मोडूस्तर. आन मी हितं त्यांच्या डोस्क्यावर गरगर फिरत्याय." त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांनी पदरानं डोळे टिपले. "भ्या वाटतंय बगा."

"भिऊ नका. इंधन पुष्कळ असतं," प्रभंजनराव म्हणाले. आपला आवाज किती शांत आहे, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी पिशवी उघडली. कपड्यांच्या खालून वही काढली आणि खिशातलं पेन काढून ते पान उघडलं. तंत्रनिकेतनात शिकवणारे हिरेमठ सर सांगत, मापनवहीत खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारा, तो वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहा. बाजूला सही आणि तारीख. चूक लपवणं ही दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. दहा वर्षांत या पानावर ती रेघ त्यांनी मारली नव्हती. विमान थरथरत होतं. त्यांनी वही गुडघ्यावर दाबून धरली, ६८०.२० वर एक आडवी रेघ ओढली, ती जराशी वाकडी गेली, वर ६७८.७५ लिहिलं, सही केली, आजची तारीख घातली. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली. आता उतरायचं, रिक्षा करायची, वीस मिनिटांत खाटेशेजारी बसायचं. अण्णांना दिसत नसेल तर वाचून दाखवायचं. रागावले तर रागावू देत. नाही रागावले तर... त्याच्या पुढे त्यांना जाता येईना. नाही रागावले, तर काय करायचं, हे दहा वर्षांच्या रचनेत कुठेच नव्हतं.

चाकं पुन्हा बाहेर आली. त्यांनी पुन्हा मोजलं. या वेळी नव्वदला ढग फाटल्यासारखा वाटला, काहीतरी तपकिरी सरकून गेलं, झाड किंवा छप्पर, आणि सोनाबाई "दिसलं, दिसलं!" म्हणून ओरडल्या. पण लगेच पांढरं मिटलं. शंभर. एकशे दहा. प्रभंजनरावांना आपले ओठ हलताना जाणवले, आणि ते काय पुटपुटत आहेत, हे ऐकायला त्यांना क्षणभर थांबावं लागलं. ते आकडे नव्हते. ते "नको, नको" म्हणत होते. एकशे पंधराव्याला पंखे गरजले, विमान पुन्हा वर झेपावलं, माणसांनी हायहाय केलं, मागे एक मूल रडायला लागलं. आणि त्या सगळ्या चाळीस-पन्नास माणसांत एकट्या प्रभंजनरावांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, जसं परीक्षा पुढे ढकलल्याची नोटीस वाचून पोराच्या खांद्यावरून उतरतं. ती सुटका इतकी उघड होती की कोणी चेहऱ्यावर वाचेल म्हणून त्यांनी मान खाली घातली. मांडीवर वही होती. शाई वाळली होती.

वैमानिकानं इंग्रजीत आणि मग कन्नडमध्ये सांगितलं, हवामानामुळे आपण बेंगळूरला परत जात आहोत. परतीच्या तासाभरात सोनाबाई झोपल्या. खालचा ढग एकसलग होता, त्याला ना चढ होता ना उतार.

बेंगळूरला उतरल्यावर गर्दी विमान कंपनीच्या तिकीट-खिडक्यांकडे धावली. प्रभंजनराव भिंतीपाशी एका खुर्चीवर बसले आणि त्यांनी फोन लावला.

"भावजी, कुठं आहात?" अंबूवहिनींचा आवाज घाबरा होता. "टीव्हीवर काही नाही, आणि इकडं ढगातनं नुसता आवाज..."

"परत आणलं, वहिनी. उतरता आलं नाही. अण्णा...?"

"जागे आहेत. सकाळधरनं चांगले शुद्धीवर आहेत. थांबा, कानाला लावते. जास्त बोलू देऊ नका हं."

फोनमध्ये श्वास ऐकू येऊ लागला. करवत ओल्या लाकडातून जावी, तसा. प्रभंजनरावांनी डोळे मिटले. "अण्णा," ते म्हणाले. "अण्णा, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या खोलीचं..."

"प्रभ्या." आवाज बारीक होता, पण अण्णांचाच होता. "वर तू होतास न्हवं?"

"हो. अण्णा, ऐका..."

"मी म्हटलं हिला. म्हटलं, प्रभ्या आलाय वर." श्वास. "दोनदा आलं. पहिल्यांदा फळीवरचे डबे वाजले. दुसऱ्यांदा तर... छत गेलं वाटलं बघ. इतकं खाली. इतकं खाली रे." पुन्हा श्वास, आता लांब. "मी हिला म्हटलं, ती खोली असती तर? सांग. खोली असती तर काय झालं असतं?"

प्रभंजनरावांनी तोंड उघडलं. विमान छपराच्या कितीतरी वर होतं. आवाज ढगात कोंडून घुमतो, म्हणून तो जवळचा वाटतो. त्या खोलीला, ती आणखी मजलाभर उंच असती तरी, काही झालं नसतं. हे तीन वाक्यांत सांगता आलं असतं.

"त्या खोलीत तूच असतास की रे," अण्णा म्हणाले. "तूच. बारा वर्षांमागं तू लिहिलंस, म्हणून आज..." पुढचं खोकल्यात गेलं. खोकला निवळल्यावर जे ऐकू आलं ते बहुधा हसू होतं. "लोक म्हणायचे, भावाला बोलून बघ. बोललो असतो तर? आं? प्रभ्या?"

"हो, अण्णा," प्रभंजनराव म्हणाले.

"बरोबर लिहिलंस तू."

"हो, अण्णा."

"ये. सावकाश ये. घाई करू नको. ढग गेल्यावर ये."

फोन वहिनींच्या हातात गेला. त्या रडत होत्या आणि म्हणत होत्या की आवाज ऐकून चेहरा कसा खुलला बघा, दोन दिवसांत इतकं बोलले नव्हते, या तुम्ही लवकर. प्रभंजनराव येतो म्हणाले. फोन बंद झाल्यावरही तो त्यांनी काही वेळ कानाशी धरून ठेवला. मग वही त्यांनी पुन्हा पिशवीत तळाशी, कपड्यांखाली सारली.

खिडकीपाशी रांग कमी झाली होती. सोनाबाई पुढे होत्या. मोबाइलवर मोठ्या आवाजात "व्हय, व्हय, जित्ती हाय. तुमी जेवून घ्या" असं कोणाला तरी बजावून त्या बाजूला झाल्या. काचेपलीकडच्या मुलीच्या छातीवर दीपश्री अशी पाटी होती. "सर, तीन वाजताच्या विमानात जागा आहे. हुबळीत आता उघडलंय म्हणतात. जाणार, की प्रवास रद्द करू?"

"जाणार."

"सामान?"

त्यांनी मांडीवरून, मग काखेतून, मग दोन्ही हातांनी धरून आणलेली ती पिशवी तिच्यासमोर उचलली. "ही."

"ही लहानच आहे सर. आत जवळ ठेवा ना. काही महत्त्वाचं असेल तर आम्ही जवळच ठेवायला सांगतो."

"नको," प्रभंजनराव म्हणाले. "खाली जाऊ दे."

तिनं खांदे उडवले आणि पिशवी काट्यावर ठेवायची खूण केली. लाल आकडे थरथरले आणि स्थिरावले. तीन किलो चारशे. पिशवीच्या बंदाला कागदी पट्टी चिकटवताना ती म्हणाली, "हुबळीत पट्ट्यावर येईल. घ्यायला विसरू नका, पुष्कळ लोक विसरतात. मग ती आपली फिरत राहते." प्रभंजनरावांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते काट्याचा आकडा वाचत होते. त्यांनी तो वाचला, जरा बाजूला सरकून दुसऱ्या अंगानं पुन्हा एकदा वाचला. दोन्ही वेळा तोच आला. मग पट्टा हलला आणि पिशवी रबरी झालरीखालून आत गेली.